तुझ्या वाट्याची ओहागी

बाबा, काल मी तुला जेवायला घातलं. चिडू नकोस, आधी पूर्ण ऐकून घे. कोणाचं पूर्ण ऐकून घ्यायची सवय तुला नव्हती आणि मलाही नाही, पण आपल्या दोघांपैकी एकाला आता मधेच उठून जाता येत नाही, त्याचा मी सरळ फायदा घेणार आहे.

तुझं मत मला पाठ आहे. इथे हॉलंडला आल्यावर, कापेलच्या फ्लॅटमध्ये, आपल्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी आठवतात? पितृपक्षात त्यांनी बाल्कनीच्या कठड्यावर कागदी ताटलीत खीर, वडे, भात मांडून कावळ्याची वाट बघितली होती. कावळा काही आला नाही. सीगल आला, त्याने वडा पळवला आणि ताटली उलटून आपल्या बाल्कनीत, माझ्या वाळत घातलेल्या फ्रॉकवर पडली. तू ती ताटली घेऊन वर गेलास आणि दारातच म्हणालास, "वहिनी, तुमच्या सासऱ्यांचा पत्ता चुकला." मग दारात उभ्याउभ्या भांडण. आई खालून हाका मारतेय, मी जिन्यात बसून ऐकतेय. बऱ्याच वेळाने तू खाली आलास तेव्हा तुझ्या हातात आणखी एक ताटली होती, वड्यांची, आणि तू खात होतास. "गेलेल्या माणसाला भूक नसते, पोरी," तू म्हणालास. "विचारायचंच तर जिवंत माणसाला विचारावं, जेवलास का म्हणून. त्यांनी मला विचारलं. बाई चांगली आहे." आजोबा गेले तेव्हाही तू पिंडदान केलं नाहीस, कावळ्याकडे बघितलं नाहीस. त्यांच्या नावाने गावच्या शाळेला पुस्तकं दिलीस आणि म्हणालास, आपण प्रतिज्ञा घेतलेली माणसं आहोत, ती रोज पाळायची असते, सोयीने नाही.

आणि तरी काल तुझ्या नावाची ताटली मांडली गेली, माझ्यासमोर, आणि मी ती मांडू दिली. का, ते सांगायचं तर एका मुलाबद्दल सांगावं लागेल. जूनच्या शेवटी मी त्याला एक गोष्ट सांगितली होती आणि त्याच्या उत्तराची काल सकाळपर्यंत वाट बघत होते. मी, जी ट्रॅमची पण वाट बघत नाही, चालत सुटते.

पण त्याच्याही आधीचं एक आहे, ते लिहायला मला जड जातंय. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, बाबा. आपल्या घरात हे वाक्य लिहायला धीर लागतो. तू नागपूरला शाळेत गणित शिकवायचास, तुझ्या बापाने शाळा पहिल्यांदा बघितली ती मजूर म्हणून तिच्या भिंती बांधताना, आणि मी सगळ्यांसमोर प्रेझेंटेशन चालू असताना गटातल्या एका मुलाला जे बोलायचं ते बोलले, लॅपटॉप मिटला आणि निघून आले, ती परत गेलेच नाही. भांडण हे निमित्त होतं. मला तिथे काही म्हणजे काही आवडत नव्हतं आणि ते दोन वर्षं कोणाला सांगायचं धाडस झालं नाही. आई तेव्हा ओरडली नाही. स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून एवढंच म्हणाली, "तुझ्या बाबाने माझ्यासाठी नोकरी सोडली. तू कोणासाठी सोडलीस?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." ती म्हणाली, "मग निदान स्वतःला विचारून तरी सोडायचंस." पुढचे कित्येक दिवस आम्ही एकमेकींशी फक्त भाजीबद्दल बोललो.

त्याच दिवसांत, एप्रिलमध्ये, मी कारण नसताना ॲम्स्टरडॅमला जायचे आणि भटकायचे. बुइटनव्हेल्डर्टला झाउडासच्या ऑफिसांच्या काचेच्या इमारती संपतात तिथे, घरांच्या खाली दुकानांची एक ओळ आहे. त्यातलं एक जपानी मिठाईचं. काचेत फुलांनी सजवलेलं एक छोटं मखर होतं, त्यात वाटीएवढा पितळी बाळ बुद्ध, एक हात वर केलेला, आणि शेजारी डचमध्ये पाटी: आज बुद्धाचा वाढदिवस. मी थबकले. आणि मग, तू ओळखलं असशील, मी आत गेले ती भांडायला.

"तुमची तारीख चुकलीये," मी गल्ल्यामागच्या बाईंना म्हटलं. "बुद्धाचा जन्म वैशाखातल्या पौर्णिमेला झाला. आम्ही बौद्ध आहोत, आम्हाला माहीत आहे." त्या साठीच्या, बारीक, पांढऱ्या ॲप्रनमधल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, एक छोटी पळी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आम्ही पण. आधी अंघोळ घाल त्याला." मखरातल्या बाळ बुद्धावर पळीने चहा ओतायचा असतो, त्यांच्याकडे तशी रीत आहे. मी चिडलेल्या हाताने ओतला. मग तोच चहा त्यांनी मला कपात दिला. साखर न घालता गोड, कुठल्याशा पानांचाच तो गोडवा, अमाचा म्हणतात. "आता सांग तुझी तारीख," त्या म्हणाल्या. मागच्या दारातून एक मुलगा डोकावला आणि म्हणाला, "दोन वाढदिवस असले तर काय बिघडलं? दोनदा खायला मिळेल." मी त्याच्याकडे रागाने बघितलं. बाबा, तिथेच माझं काम झालं. मला ते कळायला आणखी वर्षभर लागलं, एवढंच.

बाई म्हणाल्या होत्या, तुझ्या तारखेला परत ये. मी गेले, खीर घेऊन. आपली वैशाखी पौर्णिमेची, तू हॉलमध्ये बुद्धवंदना झाल्यावर मोठ्या पातेल्यातून सगळ्यांना वाढायचास ती. तुझ्यासारखी नाही झाली, पण वेलची मात्र तुझ्या हाताने घातल्यासारखी सढळ. बाईंनी उभ्याने दोन चमचे खाल्ले, तिसरा बसून खाल्ला, आणि विचारलं, "शनिवारी येशील कामाला?" मी अजून तिथे आहे, आता शनिवारच नाही, आठवडाभर. मी त्यांना तोंडावर डचमध्ये आदराने "यू" म्हणते आणि मनात काकू म्हणते. इथेही काकूच लिहिते.

त्या दुकानात कॅलेंडर लागत नाही, बाबा. ताटात काय आहे त्यावरून महिना कळतो. नव्या वर्षाच्या सकाळी तांदळाचं गरम गोड पेय, अमाझाके. मी "दारू आहे का?" विचारलं तर तो मुलगा म्हणाला, "नाही, पण पिऊन बघ, तसं वागायला हरकत नाही." मार्चमध्ये मुलींचा सण असतो, तेव्हा गुलाबी भाताचा गोळा, आत गोड पुरण, बाहेरून चेरीचं खारवलेलं पान. मी पान सोलून बाजूला ठेवलं, आपण आईच्या माहेरच्या पातोळ्यांचं हळदीचं पान काढतो तसं. दुकानातली सगळी माणसं हसली. पान खायचं असतं म्हणे, त्यातच मजा आहे. बरं. लक्षात ठेवलं. मे महिन्यात मुलांचा सण आला, पांढरा गोळा, बाहेरून ओकचं पान. मी हुशारी केली आणि पानासकट मोठा घास घेतला. चामडं, बाबा. चप्पल चावल्यासारखं. ते पान खायचं नसतं! काकू डोळे पुसेपर्यंत हसल्या, दोन गिऱ्हाईकं हसली, मी लाल झाले आणि हट्टाने पूर्ण चावून गिळलं, कारण थुंकणं म्हणजे हरणं. तो मुलगा तेवढा हसला नाही. त्याचं तोंड भरलेलं होतं.

तो काकूंचा एकुलता एक. इथेच वाढलेला, काकू त्याच्याशी जपानीत बोलतात, तो डचमध्ये उत्तर देतो. आपल्याकडे येणाऱ्या सगळ्या मराठी पोरांसारखा. मी त्याला सांगितलं की माझ्या बाबाने मला रविवारी टेबलाशी बसवून काना-मात्रा शिकवल्या, चुकलं की पोळी मिळायची नाही, तर तो गंभीर होऊन म्हणाला, "माझ्या बाबांनी तसं केलं असतं तर मला आज त्यांच्याशी बोलता आलं असतं." त्याचे वडील तो शाळेत असताना गेले. तो आता आर्नहेमला विजेच्या जाळ्याच्या एका कंपनीत आहे, आठवडाभर तिकडे, शनिवार-रविवारी आईकडे. तो हळू बोलतो. मी एका दमात जे बोलते ते तो आधी मनात घेऊन जातो, तिथे ठेवतो, मग त्याला उत्तर सुचतं, तोवर माझा विषय बदललेला असतो. मला वाटायचं अशा माणसाबरोबर मी वेडी होईन. झालेच.

जूनच्या शेवटच्या दिवशी ते मिनाझुकी नावाची मिठाई खातात. पांढरा त्रिकोण, बर्फाच्या तुकड्यासारखा, वर अझुकीचे, म्हणजे त्यांच्या लाल चवळीसारख्या कडधान्याचे, गोड दाणे. अर्धं वर्ष संपलं, त्यातली अवकळा झटकायची आणि उरलेल्या वर्षात पाय ठेवायचा, म्हणून. दुकान बंद करून आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसलो होतो, त्याच्या मांडीवर एक तुकडा, माझ्या मांडीवर एक, गार बार्लीचा चहा, समोर सायकली. मला वाटलं, अवकळा झटकायची तर आत्ताच. मी सांगून टाकलं. लांबण न लावता, डचमध्ये, कारण मराठीत त्याला कळलं नसतं आणि इंग्रजीत ते सिनेमातल्यासारखं वाटतं. त्याने त्रिकोणावरचा एक दाणा वेचून खाल्ला. मग म्हणाला, "ओहिगानपर्यंत थांबशील?"

"कोण ओहिगान?"

"सप्टेंबरात. दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा. त्या दिवसांत आम्ही बाबांना भेटतो. आमच्या घरात वसंतात एकदा आणि शरदात एकदा त्यांना मधल्या सहा महिन्यांत काय काय झालं ते सांगायचं असतं. मोठी गोष्ट आधी त्यांना सांगायची. हे मोठं आहे."

"म्हणजे परवानगी मागणार?"

"नाही. सांगणार."

मी भडकले. मी म्हटलं, म्हणजे मी रांगेत उभी, आणि माझ्या पुढे एक मेलेला माणूस. हे वाक्य तोंडातून गेलं आणि मी थांबले, कारण ते माझ्याच तोंडून जायला नको होतं. तो रागावला नाही. त्याने माझ्या बशीतला उरलेला कोपरा उचलून खाल्ला आणि म्हणाला, "तुझ्या पुढे नाही. मी रांगेत त्यांच्यामागे उभा आहे."

तर असा उन्हाळा गेला. काकूंनी पाण्यासारखी थरथरती बीनची वडी केली, सप्टेंबरात चंद्र बघायच्या सणासाठी पांढरे गोळे रचले, आणि मी सगळं खोक्यांत भरत, रिबिनी बांधत, वाट बघत राहिले. तो शनिवारी यायचा, माझ्याशी सगळं बोलायचा, ते एक सोडून. मी कुणाशी भांडत नव्हते. आईने एकदा जेवताना माझ्या कपाळाला हात लावला. "बरं नाही का तुला? आठवड्यात एकदाही दार आपटलं नाहीस."

ओहिगान म्हणजे काकूंच्या शब्दांत "पलीकडचा काठ". पैलतीर. आपल्याकडे पितृपक्ष असतो त्याच सुमाराला ते येतं, आणि त्या दिवसांत ओहागी करतात: शिजवून अर्धवट कुटलेल्या चिकट भाताचा गोळा, त्यावर अझुकीच्या पुरणाचा जाड थर. आपल्या पोळीत पुरण आत आणि पीठ बाहेर, यांचं उलटं. गेल्या शरदात आणि या वसंतात मी, सणाचं नावही न विचारता, फक्त खोकी बांधली होती. आता मात्र सायकलवरून पडून काकूंचा मनगटाचा सांधा दुखावलेला, पट्टी बांधलेली. पुरणाच्या भांड्याजवळ त्या आजवर कोणालाच फिरकू देत नसत. काल सकाळी त्यांनी लाकडी उलथनं माझ्या हातात दिलं. "मी पुढे आहे. झालं की हाक मार."

झालं की. बाबा, "झालं की" कधी, हे मला या जगात एकाच माणसाने शिकवलंय. कापेलचं स्वयंपाकघर, खिडकीवर वाफ, तू गंजी आणि आईचा फुलांचा ॲप्रन घातलेला. होळी आपण करत नसू, पण पुरणाशी तुझं भांडण नव्हतं. जयंतीला आणि माझ्या वाढदिवसाला पोळ्या व्हायच्याच. आई दिवसभर ऑफिसमध्ये आणि तू डिपेंडंट व्हिसावर आलेला नवरा, नगरपालिकेतल्या बाईने "तुम्ही काय करता?" विचारल्यावर "हिची वाट बघतो" म्हणणारा. मग तू मराठी घरांना डबे द्यायला लागलास आणि तुझ्या पोळ्यांसाठी रॉटरडॅमहून लोक यायला लागले. मी स्टुलावर उभी. तू गूळ घातलेल्या डाळीत मधोमध उलथनं रोवतोस आणि हात सोडतोस. ते हळूच कलतं. "नाही झालं. घोट." पुन्हा रोवतोस. पुन्हा कलतं. तुझा पारा चढतो, एकदा पुरण सैल राहिलं म्हणून तू उलथनं घेऊनच घराबाहेर निघून गेला होतास, गंजीवर, थंडीत, आणि खालच्या डच आजोबांनी तुला कॉफी पाजून परत पाठवलं होतं. पण त्या दिवशी उलथनं उभं राहतं. ताठ. तू खिशातून वेलदोडा काढतोस, दाताने फोडतोस, दाणे पातेल्यात टाकतोस आणि म्हणतोस, "उभं राहिलं की झालं. कोणाला विचारायचं नाही."

मी कोणाला विचारलं नाही. अझुकी मऊ शिजले, साखर घातली, मी घोटत राहिले. उलथनं रोवलं, कललं. घोटलं. हात भरून आले. पुन्हा रोवलं. आणि ते उभं राहिलं, बाबा, त्या जपानी पातेल्यात, सैनिकासारखं. मला इतका आनंद झाला की मी मराठीतच ओरडले, "झालं!"

काकू आत आल्या. उभ्या उलथन्याकडे बघितलं. "आरा," एवढंच म्हणाल्या. ते आपल्याकडचं "अगंबाई". मी परातीत काढून पसरलं तसं ते निवत गेलं आणि निवता निवता दगड झालं. भातावर थापायला गेले तर ओल्या भिंतीवरच्या कोरड्या गिलाव्यासारख्या भेगा. पुढे दुकानात आजूबाजूची जपानी कुटुंबं सांगून ठेवलेल्या ओहागी न्यायला यायला लागलेली, घरोघरी फोटोपुढे ठेवायच्या. आणि काकूंच्या नवऱ्यापुढे ठेवायच्या त्याही यातल्याच. ज्या दिवसाची मी सगळा उन्हाळा वाट बघितली तो दिवस मीच पातेल्यात जाळून ठेवला होता. मला काही सुचेना, आणि मला काही सुचेना झालं की मी काय करते ते तुला माहीत आहे. "मला जमत नाही! मला काहीच पूर्ण करता येत नाही, कॉलेज नाही, पुरण नाही! आणि तुमच्या मुलाला सांगा, आता काही सांगायची गरज नाही!" ॲप्रन काढला, खुंटीवर फेकला, मागच्या दाराने बाहेर.

दार छान आपटलं. मग लक्षात आलं की सायकलची किल्ली आणि ट्रेनचं कार्ड, दोन्ही ॲप्रनच्या खिशात आहे.

परत आत जाणं शक्य नव्हतं. मी कुलूप लावलेल्या सायकलच्या कॅरिअरवर बसून राहिले, रागात निघून गेलेल्या बाईने बसावं तशी. थोड्या वेळाने तो कोपऱ्यावरून आला, स्टेशनवरून चालत, पाठीवर बॅग, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी तो शर्ट कधी बघितला नव्हता.

"कुठे निघालीस?"

"घरी."

"बरं." त्याने सायकलकडे बघितलं. "पोचायला वेळ लागेल."

मला हसायचं नव्हतं. मी सगळं सांगितलं, दगड, भेगा, गिऱ्हाईकं. तो आत गेला. मला वाटलं किल्ली आणेल आणि मी जाईन, संपलं. तो ॲप्रनच घेऊन बाहेर आला. खिशात हात घालून किल्ली काढली, कार्ड काढलं, आणि मग दोन वेलदोडे निघाले. तुझी सवय, बाबा. माझ्या कुठल्याही खिशात असतात. त्याने वास घेतला, पुन्हा खिशात ठेवले, ॲप्रन माझ्या मांडीवर ठेवला. "आई म्हणतेय, पाणी घातलंय. ये."

पाणी! काकूंनी पुरण परत पातेल्यात घेतलं होतं, उकळतं पाणी शिंपडलं होतं, आणि बऱ्या हाताने मंद आचेवर हलवत होत्या, जणू काही झालंच नाही. दगड फुटत होता, चमकायला लागला होता. "इकडे ये," त्या म्हणाल्या. "उभं करायचं नाही. रेघ ओढ." मी तळाशी रेघ ओढली. तळ क्षणभर दिसला आणि पुरणाने हळूच मिटवून टाकला. "आता उतरव."

"पण हे सैल आहे!"

"गरम आहे," काकू म्हणाल्या. "निवलं की आपलं आपण घट्ट होतं. सगळं आचेवर करायचं नसतं."

तू मला पुरण घट्ट करायला शिकवलंस, बाबा. सैल करायचं शिकवायच्या आत गेलास. की तुलाही येत नव्हतं? मला वाटतं, येत नव्हतं.

गिऱ्हाईकं गेली तेव्हा दुपार झाली होती. वरच्या मजल्यावर काकूंच्या बैठकीत लाकडी कपाट आहे, दारं उघडली की आत बुद्ध आणि खाली त्यांच्या नवऱ्याचा फोटो, हसरा, चष्मा जरा तिरका. काकूंनी एका काळ्या ताटलीत ओहागी ठेवल्या. मग दुसरी ताटली घेतली, रिकामी, माझ्यापुढे केली. "ही तुझ्या वडिलांची. त्यांच्यासाठीची तू वळ. तुम्ही पण बौद्धच ना."

माझ्या जिभेवर आलं होतं. आमच्यात हे करत नाहीत. आमच्यात हे न करण्यासाठीच आम्ही बौद्ध झालो. पूर्ण भाषण तयार होतं, तुझ्याच आवाजात. काकू पट्टी बांधलेला हात पुढे करून उभ्या. त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं, तुझे वडील कसे गेले, कधी गेले. त्यांनी फक्त एक ताटली जास्त काढली होती, जसा कुणी जेवणाच्या वेळेला आला की आपण एक पाट जास्त मांडतो. आणि मला वरच्या वहिनींचे वडे आठवले, आणि खात खात खाली आलेला तू. मी खाली गेले, एक ओहागी वळली. बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेळ लागला.

मग तो फोटोपुढे बसला. छोटी घंटा वाजवली, हात जोडले आणि सांगायला लागला. मोडक्या जपानीत, अडला की डचमध्ये. आर्नहेमची खोली, वरच्या साहेबाचा कुत्रा, आईचं मनगट, चोरीला गेलेली आणि मग तिथेच सापडलेली सायकल. मी मागे बसून माझ्या नावाची वाट बघत होते. एवढं सगळं? कुत्रा आधी? आणि मग माझं नाव आलं. त्यापुढचं वाक्य जपानीत होतं, मला एक अक्षर कळलं नाही. पण तो बोलून झाल्यावर वळला आणि त्याने माझ्याकडे जसं बघितलं त्याचं भाषांतर लागत नव्हतं. तरी मी मीच. मी म्हटलं, "डचमध्ये सांग. मला पण ऐकायचंय." त्याने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, तू बाप आहेस.

काकू पाठमोऱ्या, तुझी ताटली सरळ करत होत्या. "मला मे महिन्यातच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "ही पान चावत होती, सगळे हसत होते. याने काय केलं, बघितलं नाहीस? याने स्वतःचं पान खाल्लं. जन्मापासून माहीत आहे याला, ते पान खात नाहीत."

तो कानापर्यंत लाल झाला. आणि मी, बाबा, सगळा उन्हाळा ज्या उत्तराची वाट बघत होते, ते मे महिन्यातच माझ्यासमोर चावलं गेलं होतं आणि मी हरायचं नाही या नादात वर बघितलंच नव्हतं.

पुढे ठेवलेलं नंतर घरच्यांनीच खायचं असतं, काकू म्हणाल्या. तुझ्या वडिलांच्या वाट्याचं तू ने. म्हणजे बघ, शेवटी जिवंत माणसालाच मिळालं, तुला तक्रारीला जागा नाही. मी तुझी ओहागी आणि आईसाठी एक वेगळी, अशा दोन डब्यात घालून कापेलला आणल्या. आईला सगळं सांगितलं. "तुझ्या बाबाने आधी भांडण केलं असतं," ती म्हणाली, "आणि मग तीन खाल्ल्या असत्या." वर म्हणाली, "त्या मुलाला रविवारी जेवायला बोलाव. पोळ्या करू. पुरण तू कर, तुझ्या त्या रेघेचं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "कॉलेजचं हिने तुला सांगितलं का रे, असं मी त्याला विचारणार नाही. तू सांग." मी म्हटलं, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आता ज्याला माहीत नव्हतं त्याला हे लिहितेय.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. पलीकडच्या काठाला पोस्ट जात नाही, हे तूच सांगितलं असतंस, आणि मलाही तसंच वाटतं. मी काही बदललेली नाही. काना-मात्रेच्या चुका असतील तर तुझ्या, शिकवलंस तू. फक्त एक गोष्ट राहिली. आईने काल दोन्ही ओहागी अर्ध्या अर्ध्या केल्या, एकीचा घास घेतला, मग दुसरीचा, आणि थांबली. "हिच्यात वेलची आहे," ती म्हणाली. "हिच्यात नाही. जपानी लोक वेलची घालतात?"

मी म्हटलं, काय माहीत.